कॉइलवरचा आकडा

मर्ढेकरांनी यंत्रयुगाची भाषा मराठी कवितेत आणली, त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. तरीही आमच्या वाङ्मयात यंत्र येते ते बहुधा प्रतीक होऊन. त्याची एखादी तार कोठून निघते आणि कोठे जाते, या अंगाने ते फारसे येत नाही. साहित्य शिकवण्यात हयात घालवलेल्या आम्हांस ही उणीव जाणवली ती एका जुन्या राजदूत ३५० मुळे.

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्याने १९८३ मध्ये ही गाडी भारतात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आमच्या भाच्याला तिचा सांगाडा व इंजिन मिळाले आणि उरलेली गाडी आपल्या मनासारखी बांधायचा त्याने घाट घातला. मूळच्या इग्निशन कॉइल नाहीशा झाल्या होत्या, वायरिंगही सगळे नव्याने करायचे होते. तारांचा नाद आम्हांस विद्यार्थिदशेपासूनचा. त्यामुळे ते काम आमच्याकडे आले. गाडी तयार झाली की तो ताम्हिणी घाटातून कोकणात उतरणार होता. रात्री घाटात गाडी बंद पडली तर काय, ही त्याच्या आईची, म्हणजे आमच्या बहिणीची, धास्ती होती आणि ती अनाठायी नव्हती.

पुण्याच्या नाना पेठेतील एका दुकानात त्याने एक खोका उचलला. त्यावर ठळक अक्षरांत ४०,००० व्होल्ट असे छापले होते.

"मामा, हीच घेऊ. जुनीच्या दुप्पट ताकद आहे."

येथे कॉइलचे काम थोडे समजून घ्यावे लागते. लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात: एक जाड तारेचे, काहीशे फेऱ्यांचे, दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. इंजिनातील पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा प्रवाह जाड वेटोळ्यातून वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठते. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळते आणि बारीक वेटोळ्यात प्रचंड दाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. ठिणगी पडते ती तार जोडल्याने नव्हे, तोडल्याने.

मात्र हा दाब चढतो तो प्लगमधील फट ओलांडण्यापुरताच. फट दहा-बारा हजार व्होल्टला ओलांडली गेली, तर दाब तेथेच थांबतो. खोक्यावरचे चाळीस हजार ही त्या कॉइलची कमाल मर्यादा. ते तिचे रोजचे काम नव्हे. ज्या व्यवसायात माणसाची कुवत गुणांकांच्या बेरजेने ठरवण्याची रीत पडली, त्यात आम्ही वावरलो असल्याने हा फरक समजण्यास आम्हांस वेळ लागला नाही.

महत्त्वाचा आकडा खोक्यावर नव्हताच. दुकानदाराकडून मल्टिमीटर मागून घेऊन जाड वेटोळ्याचा रोध मोजला. तो भरला ०.६ ओम. बारा व्होल्टला ०.६ ने भागले की वीस अँपिअर येतात. चावी चालू, इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले, अशा स्थितीत एवढा प्रवाह वाहिला तर पॉइंट जळणार आणि कॉइलही तापणार. असल्या कॉइल प्रवाह आवरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जोडणीसाठी असतात. पॉइंटच्या गाडीला सुमारे तीन ते पाच ओमची कॉइल हवी. शेजारच्या दुकानात साधी, चार ओमची मिळाली: प्रवाह तीन अँपिअर. दोन्ही प्लगना ठिणगी देणारी एकच कॉइल घेणेही शक्य नव्हते. या इंजिनात एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो. म्हणून पॉइंट दोन, कंडेन्सर दोन आणि कॉइलही दोन.

"मग पॉइंटच काढून टाकू," भाचा म्हणाला. त्याचे म्हणणे चूक नव्हते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये झिजण्यासारखे काही नसते आणि ठिणगीची वेळ ढळत नाही. पण तो डबा घाटात निकामी झाला तर रस्त्याकडेला काही करता येत नाही. पॉइंट मात्र पॉलिश पेपरने घासता येतात, फीलर गेजने त्यांची फट पुन्हा लावता येते. दोन्ही बाजू मांडून आम्ही गप्प बसलो; गाडी त्याची होती. दोन दिवस तो पॉइंट उघडून साफ करत बसला, फट लावायला शिकला आणि मग म्हणाला, "राहू देत."

वायरिंगमध्ये खरा शत्रू असतो तो वाटेतल्या गळतीचा. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि कॉइलवर अकरा, हे जुन्या चावीच्या गाडीत नेहमीचे. म्हणून बॅटरीपासून फ्यूजमधून जाड तार थेट रिलेपर्यंत व तेथून कॉइलपर्यंत नेली. चावीकडे रिले चालू करण्यापुरतेच काम ठेवले. सांगाड्याला नवा रंग होता आणि रंगातून प्रवाह जात नाही. तेव्हा इंजिनापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत स्वतंत्र अर्थिंग दिले. कॉइलची धन-ऋण टोकेही पाहून जोडली. ती उलटी जोडली तरी गाडी चालते. पण प्लगचे मधले, तापलेले टोक ऋण असेल तर ठिणगी कमी दाबाला पडते.

शेवटी भाच्याने एक गोष्ट न सांगता केली. सीटच्या खालच्या बाजूस त्याने पांढऱ्या रंगाने लिहिले: दोन कॉइल, चार ओम, पॉइंटसाठी, आणि त्याखाली कोणत्या रंगाची तार कोणत्या कॉइलची, ते. उद्या ही गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला अंदाज बांधत बसायला नको. आयुष्यभर विद्यार्थ्यांना समासात टिपा लिहायला सांगत आलो. इतकी उपयोगी टीप आमच्या पाहण्यात क्वचितच आली असेल.