हवेचा फिल्टर आणि बाप्पाचा रंग

‘तू नक्की करतोस काय?’ या प्रश्नाला माझ्याकडे स्टायलिश उत्तर नाही. दोस्त कुणी बँकेत, कुणी आयटीत, कुणी ॲडमध्ये. मी कॉम्प्रेस्ड एअरवाला. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा साफ करायला कुठला फिल्टर लावायचा, ते ठरवून देतो. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत हे सांगितलं, की लोक लगेच विषय बदलतात!

पण तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, लालबागच्या गणपती कार्यशाळांत, हा विषय कुणी बदलत नाही. मूर्तीच्या देहाचा रंग स्प्रे गनने मारतात. गनला हवा पुरवतो कॉम्प्रेसर. आणि रंगकामाचा सीझन कुठला? आषाढ-श्रावण. ऐन पावसाळा.

मागे मित्राच्या मूर्तिकार काकांनी बोलावलं. गन मधूनच पाणी थुंकत होती. गुळगुळीत रंगावर ठिपके. चतुर्थी जवळ आलेली, मंडळांचे फोन चालू. काका म्हणाले, ‘‘बाळा, पॉइंट झीरो वन मायक्रॉनचा फिल्टर घेतो. याहून बारीक नाही म्हणतात. विषय संपला ना?’’

नाही संपत, काका. मायक्रॉनचा आकडा म्हणजे मोबाइल कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल. ऐकायला भारी, पण सगळं त्यावर ठरत नाही.

साधा हिशेब बघा. भर पावसात मुंबईच्या एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम वाफ असते. ७ बार दाबाला अशी ८ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते. म्हणजे २०० ग्रॅम वाफ. ही हवा पुन्हा ३० अंशांवर आली, की तिच्यात जेमतेम ३० ग्रॅम मावते. बाकीचं पाणी होतं. जवळपास दोन कटिंग!

आता गंमत अशी, की फिल्टर थेंब पकडतो, वाफ नाही. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवा गरम असते. तिथे कितीही महागडा फिल्टर लावा, वाफ आरामात पार होते आणि पुढे पाइपात थंड होऊन तिचं पाणी होतं. म्हणजे काय घ्यायचं याइतकंच कुठे लावायचं हेही महत्त्वाचं.

काकांकडे आम्ही क्रम लावला. टाकीतलं पाणी रोज सोडायचं. मग हवा थंड व्हायला लांब, उतार दिलेला पाइप. मग पाण्याचे थेंब वेगळे करणारा सेपरेटर. त्यानंतर १ मायक्रॉनचा फिल्टर, कारण पिस्टन कॉम्प्रेसरमधून तेलाचा अंशही येतो. आणि शेवटी काकांचा लाडका ०.०१. त्याच्यापुढे रेग्युलेटर. तिथे दाब ७ वरून ३ बारवर आला, की हवा पसरते आणि आपोआप बरीच कोरडी होते. त्यामुळे ड्रायरचा खर्च वाचला. त्या पैशांत काकांनी रंग भरला. ठिपके थांबले, आणि डोळ्यांच्या आखणीला हात मोकळे झाले.

सगळीकडे हाच नुस्खा चालत नाही. औषध कंपनीत ड्रायर लागतोच. त्यासाठी आयएसओ ८५७३-१ हे स्टँडर्ड आहे. त्यात हवेला तीन आकडे देतात: धूळ, पाणी, तेल. आकडा जितका लहान, तितकी हवा स्वच्छ. पण उगाच सगळीकडे १ मागू नका. प्रत्येक जादा फिल्टर दाब खातो, आणि एक बार दाब वाढवायचा तर वीज साधारण ६-७ टक्के जास्त जाते. दर महिन्याला!

म्हणून माझा फंडा सिंपल आहे. कॅटलॉग उघडण्याआधी एकच विचारायचं: ही हवा शेवटी कशाला लागणार? टायरला, गोळीला, की बाप्पाच्या गालाला? उत्तर मिळालं, की फिल्टर निवडणं सोपं होतं.