डावीकडे बघा

"पन्नास युरो," मी म्हणाले. आईने मनातल्या मनात शंभराने गुणलं आणि कपाळाला हात लावला. "पाच हजार? दोन तासांच्या बोटीला?"

खरा आकडा 350 होता. तो मी आजपर्यंत आईला सांगितलेला नाही. ती हे वाचेल अशी शक्यता कमी आहे, कारण तिच्या मते मी जे लिहिते ते "फार लांबतं".

मिलानमध्ये राहायला लागून मला चार वर्षं झाली होती. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा पहिल्यांदा आले. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण आगार. आयुष्यातली बरीच वर्षं कुंभार्ली घाट चढण्या-उतरण्यात गेली. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले तेव्हा आगारात हारतुरे, नारळ, शाल सगळं झालं, आणि मी ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं. नेटवर्क गेलं आणि बाबांचं भाषण अर्ध्यावर थिजलं, तोंड उघडं असलेला चेहरा स्क्रीनवर तसाच राहिला. ते दोन मिनिटांचं भाषण मी अजूनही पूर्ण ऐकलेलं नाही. त्यामुळे कोमोच्या तळ्यावर प्रायव्हेट बोट घ्यायची असं मी त्यांचं तिकीट निघायच्या आधीच ठरवलं होतं. आईचा गुडघा, फेरीवरची रांग, उभं राहायला लागतं वगैरे कारणं मी दिली. खरं कारण ती शाल होती.

तुम्ही कधी गेलात तर सरळ सरकारी फेरीने फिरा, हे प्रामाणिकपणे सांगते. वारेन्नाहून बेलाज्जोला पंधरा-वीस मिनिटांत पोचवतात, थोड्याशा युरोंत, आणि तळं तेच दिसतं. प्रायव्हेट बोटीत फक्त तुमच्यासमोर दुसऱ्या कुणाची सेल्फी स्टिक येत नाही.

मिलानो चेंत्राले स्टेशनवरून वारेन्ना तासाभरावर आहे. लेक्को मागे पडलं की डावीकडे तळं सुरू होतं आणि मग बोगदा, तळं, बोगदा, तळं असा खेळ चालतो. मी बाबांना मुद्दाम डावीकडची खिडकी दिली होती. ते अवघडून बसले होते, सगळं अंग खिडकीकडे वळवून, बस रिव्हर्स घेताना बसतात तसे. मान धरली असेल असं मला वाटलं. समोर बसलेली आई एकसारखी बोलत होती. "ते बघा, डावीकडे, पाणी लागलं. पलीकडे डोंगर आहे, वर ढग. आता परत बोगदा. हां, आता चर्च, पिवळं, पाण्याला लागून." मी तिला दोनदा म्हटलं, "अगं, त्यांना बघू दे की शांतपणे." ती गप्प झाली. पुढच्या बोगद्यानंतर परत सुरू.

तेरा दिवस हेच चाललं होतं. मिलानच्या कॅथेड्रलपुढे, सुपरमार्केटमध्ये, ट्राममध्ये. रनिंग कॉमेंट्री. मला वाटायचं, रिटायरमेंटनंतर दोघंच घरात, म्हणून हिची बडबड वाढली.

धक्क्यावर आमची बोट उभी होती. लाकडी, छोटी, पांढऱ्या गाद्या. कॅप्टन साठीचा, उन्हाने रापलेला, बाबांच्याच वयाचा. बोटीत उतरताना बाबांनी पाय हवेत धरून कड चाचपली, एकदा, दोनदा. कॅप्टनने हात दिला. पाण्यावर सगळ्यांचंच असं होतं, मी मनात म्हटलं आणि व्हिडिओ चालू ठेवला. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात आईचा आवाज येतो, "खाली एक पायरी आहे, मग गादी." इतका नेहमीच्या सुरातला, की मला तो ऐकूच आला नव्हता.

तळ्याचा आकार उलट्या वायसारखा आहे. उत्तरेकडून एक फाटा येतो, मध्ये फुटतो, एक कोमो शहराकडे जातो, दुसरा लेक्कोकडे. फुटतो त्या टोकावर बेलाज्जो. मी हे नकाशावर दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे तिठा." बास. इतकी वर्षं मी ऑफिसातल्या पाहुण्यांना हातवारे करून जे समजावत होते ते एका शब्दात संपलं. तिठ्यावर टपरी असते तसं बेलाज्जो आहे, फक्त चहा सहा युरोंना.

बाबांचा पहिला प्रश्न खोलीचा होता. कॅप्टनने सांगितलं, सगळ्यात खोल जागी 400 मीटरच्या वर. हिमनदीने कोरलेलं तळं आहे, त्यामुळे काठ सरळ खाली गेलेत. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण 200 मीटरवर, म्हणजे तळ समुद्राच्याही 200 मीटर खाली. हे भाषांतर करून सांगितल्यावर बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि वरून काही कळत नाही."

"तापोळ्यासारखंच आहे की," आई म्हणाली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही आईला जगातलं कुठलंही तळं दाखवा, तिच्याकडे तापोळा तयार असतो. (खरं सांगायचं तर कोयनेचं पाणी, दोन्ही बाजूंचे डोंगर, मध्ये घुसलेल्या चोचा. ती अगदीच चूक नव्हती.)

कॅप्टन आणि बाबांचं जमलं ते वाऱ्यावरून. या तळ्यावर दोन वारे आहेत. सकाळी उत्तरेकडून खाली वाहतो तो तिवानो, दुपारी दक्षिणेकडून वर चढतो तो ब्रेवा. डोंगर तापतात, निवतात, त्याप्रमाणे हवा चढते, उतरते. कोळी आणि शिडाची होडकी पिढ्यान्‌पिढ्या या वेळापत्रकावर चालली. कॅप्टनने तळहात खालून वर नेऊन दाखवलं, बाबांनी मान हलवली आणि तळहात वरून खाली आणून दाखवला, सकाळचा. मी भाषांतराला तोंड उघडलं होतं ते मिटलं. मग बाबांनी पश्चिम काठावरचा रस्ता विचारला. तो व्हिया रेजिना, रोमन काळापासूनचा. आता त्यावरून बस जाते आणि काही गावांत भिंत आणि बस यांच्यामध्ये वहीचं पान जाईल एवढीच जागा उरते. "समोरून दुसरी आली की?" बाबांनी विचारलं. कॅप्टनने खांदे उडवले आणि हाताने मागे, मागे अशी खूण केली. बाबा खूश झाले. जगात दुसरीकडेही कुणीतरी वळणावर गाडी मागे घेतंय.

लेन्नोजवळ एका टोकावर व्हिला देल बाल्बियानेल्लो आहे. आई यासाठीच आली होती. 2018च्या नोव्हेंबरमध्ये दीपिका आणि रणवीरचं लग्न झालं ते इथेच. तिने पायऱ्यांचे, कमानींचे, छत्रीसारख्या छाटलेल्या झाडाचे फोटो काढले आणि तिथल्या तिथे माझ्या मावशीला पाठवले. या घराचा शेवटचा मालक ग्वीदो मोंझिनो होता. 1973 साली इटलीची पहिली एव्हरेस्ट मोहीम त्याच्या नेतृत्वाखाली गेली. 1988 मध्ये तो वारला आणि घर इटलीच्या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेला. मी हे सांगत असताना आई मध्येच म्हणाली, "डाव्या हाताला बघा अहो, भिंतीवर वेल चढलाय, लाल झालाय पार." बाबांनी मान पूर्ण वळवली. "हो, छान," म्हणाले. मी चिडले. मी एव्हरेस्टवर होते आणि ही वेलावर.

पुढे कोमाचिना बेट. अख्ख्या तळ्यात एकुलतं एक. 1169 साली कोमोवाल्यांनी तिथली वस्ती जाळून जमीनदोस्त केली. बेटाला वळसा घालून आम्ही परत फिरलो तेव्हा कॅप्टनने विचारलं, तुझे वडील काय करतात? इटालियनमध्ये ड्रायव्हरला 'आउतिस्ता' म्हणतात. मी म्हटलं, बसचे आउतिस्ता, डोंगरातले. कॅप्टन खुर्चीवरून उठला आणि बाबांना म्हणाला, "प्रेगो."

बाबांनी हात पँटला पुसले. स्टिअरिंगला उजव्या हाताची बोटं लावली, ती छातीला लावली. लहानपणी पहाटेच्या गाडीने त्यांच्याबरोबर जायचे तेव्हा हेच पाहिलं होतं. मग बसले. उजवा पाय ब्रेक शोधत होता, ते पाहून कॅप्टन हसला आणि वेगाचा दांडा दाखवला. ब्रेक नाही, नुसतं सोडून द्यायचं. बाबांनी दोन-तीन वेळा कमी-जास्त करून अंदाज घेतला आणि लांब समोर वारेन्नाचा घंटाघर धरून बोट अशी सरळ नेली, की मागे फेसाची रेघ पट्टीने मारल्यासारखी. मी शूट करत होते. आता शाल परत केल्यासारखं वाटत होतं.

कादेनाब्बियाहून बेलाज्जोला गाड्या वाहणारी मोठी फेरी जाते. ती आमच्या डावीकडून निघाली होती. लांब होती, पण येत होती. नियमित प्रवासी बोटीला वाट द्यायची असा तिथला नियम, कॅप्टनने मघाशीच सांगितला होता आणि बाबा म्हणाले होते, "रास्त आहे." मी फोनच्या स्क्रीनवर फेरी मोठी होताना पाहत होते आणि वाट पाहत होते बाबा कधी वेग कमी करतात याची. कॅप्टनही वाट पाहत होता. बाबांचा चेहरा एकदम शांत होता. समोर घंटाघर, हात स्थिर.

"अहो, डावीकडून मोठी बोट येतेय," आई म्हणाली. भाजी आणायला सांगावं तशी. "अजून लांब आहे. पण सोडा आता थोडं."

बाबांनी वेग सोडला. मग मान वळवली, पूर्ण, खांद्यासकट. आणि तेव्हा त्यांना फेरी दिसली. नजर कुठून कुठे गेली आणि कुठे थांबली ते मी कॅमेऱ्यातून पाहिलं.

कॅप्टनने स्टिअरिंग काढून घेतलं नाही. एक हात कडेला टेकवून नुसता उभा राहिला. फेरी गेली, तिच्या लाटा आल्या, बाबांनी न सांगता नाक लाटेकडे तिरपं केलं. कॅप्टन माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "लि ओक्की?" डोळे?

मी मागे आईजवळ जाऊन बसले. इंजिनच्या आवाजात काही ऐकू जात नाही, तरी आम्ही कुजबुजत होतो.

"कधीपासून?"

"कळलं त्याला दोन वर्षं झाली. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं कडेचं बरंच गेलंय. उजवा बरा आहे अजून."

फ्रिजच्या दारात ठेवलेली इवलीशी बाटली. रोज रात्री नऊला एक थेंब. डोळे कोरडे पडतात, असं मला सांगितलं होतं आणि मी बरं म्हटलं होतं. स्कूटर विकली ती 'पेट्रोल परवडत नाही' म्हणून. तेही मी बरं म्हटलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू नोकरी टाकून आली असतीस, किंवा आली नसतीस. दोन्ही त्यांना नको होतं." मग जरा थांबून म्हणाली, "ऑपरेशनने मोतीबिंदू जातो तसं यात नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब टाकून डोळ्यातला दाब कमी ठेवायचा, आहे ते राखायचं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतच नाही मेलं. आणि डॉक्टरांनी सांगितलंय, जवळच्या रक्ताच्या माणसांनी तपासून घ्यायचं. तू घे. मी बोलणारच होते इथून जायच्या आधी, तुझा फोन बाजूला झाला असता तर."

मी फोन बाजूला ठेवला.

पुढे बाबा बोट चालवत होते. आई उठली, गुडघा सांभाळत त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. धक्का जवळ आला तशी ती म्हणायला लागली, "येऊ द्या. येऊ द्या. थोडी उजवीकडे. येऊ द्या." शेवटचं कॅप्टनने केलं, तो धक्का काही 350 युरोंत येत नव्हता. पण बांधून झाल्यावर त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि काहीतरी लांबलचक बोलला. बोलीभाषेत होतं, मला अर्धंच कळलं. मी बाबांना म्हटलं, तुम्ही छान चालवली असं म्हणतोय. बाबा म्हणाले, "ते कळलं मला."

स्टेशनचा चढ चढताना ते माझ्या उजव्या बाजूने चालत होते. मी गपचूप त्यांच्या पलीकडे, डावीकडे गेले. त्यांनी पाहिलं, बोलले नाहीत. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "डिझेल, माणूस, बोटीची झीज. दोन तास. पन्नासात कुणाला परवडेल गं?"

"साडेतीनशे," मी म्हटलं.

ते चालत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आईला पन्नासच राहू दे."

परतीच्या गाडीत तळं उजवीकडे होतं. बाबा खिडकीशी बसले, या वेळी सरळ, टेकून. आईला बसल्या बसल्या झोप लागली. बोगदा संपला, संध्याकाळच्या उन्हात पाणी दिसलं आणि मी म्हटलं, "बाबा, उजवीकडे बघा, एक शिडाची होडी—"

"दिसतेय," बाबा म्हणाले. "उजवीकडचं मला दिसतं. तू डावीकडचं सांग."

डावीकडे डोंगराचा कातळ होता, रुळांना अगदी लागून. मी सांगितलं. मग पुढचा बोगदा आला, तोही सांगितला.