शिजल्याची काडी

हळद शिजली की नाही, हे वाईकडचा जुना शेतकरी घड्याळात बघत नाही. काहिलीतलं एक हळकुंड उचलतो आणि त्यात काडी टोचतो. काडी अडली तर आणखी जाळ घालायचा, अलगद पार गेली तर उतरवायचं. कच्चं राहिलं तर वाळताना बिघडतं, फार शिजलं तर रंग जातो.

वाफेवर हळद शिजवायचं यंत्र बनवणाऱ्या एका कारखानदारांसाठी मी त्यांच्या गिऱ्हाइकाची यशोगाथा लिहिली. जळण वाचलं, मजुरी वाचली, माल एकसारखा शिजला. कारखानदार खूश. छापण्याआधी ती त्या गिऱ्हाइकाला, म्हणजे अण्णांना, वाचून दाखवली.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. "झकास लिवलंय. पण ह्यो मी न्हाई. आमचा पयला घाणा कच्चा ऱ्हायला, ते कुठं हाय?"

ते मी मुद्दाम गाळलं होतं. घाईत वाफ लवकर बंद केली, माल आतून कच्चा निघाला. मग कारखानदार स्वतः येऊन दोन दिवस यंत्रापाशी उभे राहिले. "मशिन कुणीबी इकतंय," अण्णा म्हणाले, "ह्यो माणूस परत आला, म्हणून म्या शेजाऱ्याला सांगतो."

अभिप्राय म्हटलं की आपल्याला वहीतल्या दोन कौतुकाच्या ओळी आणि खालची सही आठवते. संस्कृतात मात्र अभिप्राय म्हणजे मनातला हेतू. गिऱ्हाइकाचं 'झकास' हे सौजन्य झालं. त्याचा अभिप्राय 'पण'नंतर सुरू होतो. याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश घडला, १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. तिथे जाणकारांच्या नोंदीही संपादकांच्या हाताखालून जात. माझ्या चार पानांनीच का रुसावं?

नव्या मजकुराची सुरुवात कच्च्या घाण्यानेच केली. कारखानदार बिचकले. "आपली फजिती आपणच छापायची?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "छापा. शेतकऱ्यांत ती कधीच पोचली असेल."

पुढे फोन आले, त्यांत किमतीआधी एकच प्रश्न असायचा : पहिला घाणा किती वेळ ठेवायचा? मला ठाऊक नव्हतं. पुन्हा अण्णांना गाठलं. त्यांचं उत्तर आता माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे : हळकुंड जाड की बारीक, त्यावर वेळ ठरतो, काडी टोचून बघा.