पंचेचाळीस दिवस

अण्णांनी कपाटातून जुन्या धोतराची घडी काढली, झोपाळ्यावर ठेवली आणि एकेक पदर उलगडला. आत पिस्तूल होतं. वेब्ली अँड स्कॉट, .३२ बोअर, बर्मिंगहॅमचं. त्यांनी मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याची खात्री केली, मलाही दाखवली आणि मगच ते माझ्या तळहातावर ठेवलं. "माझं वय झालं. मुलगा पुण्यात, त्याला नको. परक्याच्या हाती जाण्यापेक्षा तू घे."

माझ्याकडे परवाना होता. आंब्याच्या हंगामात गड्यांची मजुरी, पेट्यांचे पैसे, रोख रकमेची ने-आण असायची, म्हणून अर्ज केला होता. परवाना मिळाला, पण शस्त्र घ्यायचं राहिलं होतं.

ते हातात घेतल्यावर जे वाटलं ते लपवत नाही. वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. कडांवरचा काळा मुलामा झिजून आतलं पोलाद मऊ उजेडासारखं दिसत होतं. ही रचना १९०८ सालची. लंडनच्या पोलिसांनीही ती वापरली, आणि १९४०च्या सुमारास ती बनायची थांबली. इतकी वर्षं झाली, तरी खटका ओढला की प्रत्येक भाग आपल्या जागी नेमका जाऊन बसत होता. चांगल्या कारागिराने केलेली वस्तू माणसाला मोहात पाडतेच. वडिलांच्या अडकित्त्यापुढेही मी असाच थबकतो.

आपल्याकडे अशा जुन्या पिस्तुलांना भाव येतो त्याला कारण आहे. ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रं सर्वसामान्यांसाठी आयात करणं बंद झालं. बहुतेक त्याआधी आलेलीच आता या हातातून त्या हातात फिरतात.

खाजगी विक्रीचा कायदा मात्र घाई करू देत नाही. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबायचं. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. मला वाटलं, नुसती कागदाची वाट पाहायची आहे. प्रत्यक्षात ते दिवस माझ्यासाठीच ठेवल्यासारखे निघाले.

पहिले काही दिवस मी वस्तूचाच विचार केला. या पिस्तुलाच्या मुठीत उजव्या बाजूच्या पट्टीखाली इंग्रजी व्हीच्या आकाराची स्प्रिंग असते. ती तुटली तर? बनवणारे थांबले, सुटे भाग थांबले. मॅगझिन एकच, त्याचे ओठ वाकले की काडतूस अडकणार. पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून नव्या पिस्तुलांत आतून जो अडसर असतो, तो या जुन्या रचनेत नाही. शिवाय आपली रत्नागिरी. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारा वारा. इथे दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत. अण्णांनी पावसाळ्यात दर आठवड्याला तेल दिलं म्हणून ते पोलाद असं राहिलं. खरेदीबरोबर त्यांची ती आठवड्याची तपश्चर्याही घ्यावी लागणार होती.

मग एका रात्री वीज गेली आणि पडवीत बसल्या बसल्या अनंत कान्हेरे आठवला. आपल्याच जिल्ह्यातला, खेड तालुक्यातल्या आयनीचा. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर, 'शारदा'चा प्रयोग, आणि कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, पेटीच्या चोरतळातून. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले. कान्हेरे विशीचाही नव्हता. आणि अण्णांच्या पिस्तुलात बसतं ते .३२चं काडतूसही जॉन ब्राउनिंगनेच घडवलेलं.

शाळेपासून ऐकलेली गोष्ट त्या रात्री मला वेगळ्या अंगाने दिसली. पेटीच्या तळात मावावं, सदऱ्याखाली राहावं, गर्दीत कुणाला कळू नये, हाच त्या हत्याराचा गुण. त्या मुलांसमोर एक साम्राज्य होतं. लपवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. मी कुणापासून काय लपवणार होतो?

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती, आजोबांच्या वेळची, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. माजघराच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेली. ती साऱ्या वाडीला माहीत होती. रात्री रानडुकरं आली की वडील सड्याच्या दिशेने बार काढायचे आणि सकाळी शेजारी विचारायचे, "काल किती होती?" त्या बंदुकीचं काम उघड्यावरचं, आवाजाचं. तिने भातं राखली. पिस्तुलाने रानडुक्कर अडत नाही, वानरं हटत नाहीत. ते केवळ माणसासाठी केलेलं आहे, आणि तेही अगदी समोर उभ्या असलेल्या माणसासाठी.

मी वही घेतली आणि गेल्या दहा वर्षांत मला माणसाची भीती वाटलेले प्रसंग लिहायला बसलो. दोन निघाले. दोन्ही वेळा मी एकटा होतो, अंधार होता आणि समोरचे चौघे-पाचजण होते. दोन्ही वेळा बोलून सुटलो. कमरेला पिस्तूल असतं तर मी बोललो असतो का, हा प्रश्न मला फार दिवस पुरला. पैशांचं म्हणाल तर आता निम्मे गडीही मजुरी मोबाईलवर घेतात.

बायको एवढे दिवस काहीच बोलली नव्हती. शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, "ठेवणार कुठे?" आमचं कौलारू घर, आतबाहेर करणारी माणसं, सुट्टीत भाचरांचा गोंधळ. कुलूपबंद कपाटात, काडतुसं वेगळी, किल्ली माझ्याकडे, असं मी सांगत गेलो. सांगताना लक्षात आलं, रात्री अचानक गरज पडलीच, तर तीन कुलपं उघडेपर्यंत ती टळूनही गेलेली असेल. आणि कुलपं काढून ठेवायला माझं मन धजणार नव्हतं.

पंचेचाळिसावा दिवस उलटल्यावर अण्णांकडे गेलो. "अण्णा, वस्तू उत्तम आहे. पण मी घेत नाही." ते रागावले नाहीत. झोपाळा पायाने थोडा हलवून म्हणाले, "मीही एकदाच झाडलंय. नदीकाठी, ओंडक्यावर. वडिलांनी शिकवलं तेव्हा."

पुढच्या सोमवारी आम्ही दोघे पिस्तूल जमा करायला रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने पिस्तुलावरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसं मोजली आणि जमा केल्याची पावती लिहून दिली. धोतराचा तुकडा अण्णांनी परत मागून घेतला.