काट्याला न दिसणारे

नंदुरबारच्या बाजारपेठेतील एखादा गृहस्थ. हातपाय किडकिडीत, दिवस दुकानाच्या गादीवर जातो. वजनकाट्यावर उभा राहून तो निश्चिंतपणे म्हणतो, “आपल्याला लठ्ठपणाची भीती नाही.” सदऱ्याआडचे पोट काट्याला दिसत नाही.

हा भ्रम पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच उदाहरणाने दूर केला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

चरबी म्हणजे निव्वळ साठवण नव्हे. ती रसायने स्रवते. पोटातील चरबी वाढली की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, शरीर ते अधिक निर्माण करते आणि वाढलेले इन्सुलिन पेशींच्या वाढीस चालना देते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीशरीरातील इस्ट्रोजेन प्रामुख्याने चरबीतच तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त चरबीचा संबंध १३ कर्करोगांशी जोडला. स्तन, गर्भाशय आणि मोठे आतडे त्यांत आहेत.

पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेली बाळे इंग्लंडमधील बाळांहून हलकी, तरी त्यांच्या अंगी चरबी तुलनेने टिकून असल्याचे याज्ञिकांना आढळले. कुपोषणाशी झुंजणाऱ्या नंदुरबार जिल्ह्याला ही बाब दूरची नाही.

म्हणून काट्याशेजारी मोजपट्टीही असावी: कंबर पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या आत. आणि गृहस्थाने स्वतःच्या ताटातले तळण कमी करताना गर्भवती सुनेच्या ताटात डाळ, दूध, भाजी पुरेशी आहे ना, हेही पाहावे.