बदली मॅनेजर आणि लाल वही

नंदुरबारच्या परमिट रूममध्ये आता बिल आलं की गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं आणि गल्ल्यावरची डबी पैसे जमा झाल्याचं अख्ख्या हॉलला ओरडून सांगते. मॅनेजर कायमचा आहे की बदलीवरचा, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

1 जुलै 1998 ला धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हा असं नव्हतं. नवी कार्यालयं उघडली आणि धुळे, जळगाव, नाशिककडचे कारकून बदलीवर येऊन पडले. बिऱ्हाड गावाकडे, इथे खोली. संध्याकाळी जायचं कुठे? आमच्या परमिट रूमचा मॅनेजर उडुपीकडचा. सगळे त्याला अण्णा म्हणत. शेवभाजीचा रस्सा कुणाला जाळ हवा, कुणाला ‘बेताचा’, कुणाच्या पोटात अल्सर आहे, हे त्याला पाठ. मिरचीच्या हंगामात पथारीवरचे, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावरचे, व्यापारी आणि हमाल यायचे, तेव्हा तो त्यांना खिडकीजवळच बसवी. दिवसभर लाल मिरचीत वावरलेल्या कपड्यांचा ठसका असा उठे की शेजारच्या टेबलावरचा माणूस शिंकून ग्लास सांडायचा.

आणि त्याची लाल कापडी वही. तिच्यात नावं नसायची; ‘चष्मेवाले भाऊसाहेब’, ‘दोन नंबर टेबल’, ‘पथारी मोठा’, ‘पथारी धाकटा’ अशी खाती असायची. महिन्याच्या एक तारखेला हिशेब, तोही अर्धामुर्धा. उरलेलं पुढच्या पानावर.

एके वर्षी दिवाळीनंतर अण्णा मुलीच्या लग्नाला गावी गेला आणि शेतीच्या वादात तिकडेच अडकला. मालकाने बदली माणूस आणला. त्याने आल्या आल्या आपला नोकरनामा फ्रेम करून परवान्याशेजारी टांगला. (दारूच्या दुकानात कामाला ठेवलेल्या माणसाचा हा एक्साइजचा कागद, अण्णाचा कुठल्या खणात होता देव जाणे.) मग पेग मेजर आलं. अण्णा अंदाजाने ओतायचा, अंदाज नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूचा. हा मेजर डोळ्यांसमोर धरून तीस म्हणजे तीसच. फुकटचे खारे शेंगदाणे बंद. परमिट आहे का, हे विचारायची पद्धत कुणालाच ठाऊक नव्हती. हा एका दिवसाच्या परवान्याचं पुस्तक काढून पाच रुपये मागायचा. शटर वेळेवर खाली.

एवढंही आम्ही पचवलं असतं. पण त्याने लाल वही बंद केली आणि जुन्या बाकीची यादी खडूने फळ्यावर लिहून तो फळा दारातून दिसेल असा टांगला. ‘पथारी धाकटा’पुढे त्याने खरं नाव शोधून लिहिलं.

मग काय, गावभर शिमगा. अर्धी टेबलं दुसऱ्या बारमध्ये गेली, काहींनी वाइन शॉपमधून बाटली घेऊन खोलीवर बसायला सुरुवात केली. गंमत म्हणजे त्याला ‘बदली’ म्हणून हिणवण्यात सगळ्यांत पुढे होते ते स्वतः बदलीवर आलेले कारकून.

या मुलखात दारूच्या उधारीचा इतिहास मात्र साधा नाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरी महूची दारू गाळणं गुन्हा ठरलं, विक्री ठेकेदारांच्या हाती गेली. पिठ्यावरची उधारी चढत गेली की शेवटी बैल आणि जमीन जायची. 1922 मध्ये सुरत, डांग आणि पश्चिम खानदेशच्या हद्दीवर देवीची चळवळ उसळली, ती दारू सोडा आणि पारशी पिठेवाल्यांकडे जाऊ नका असं सांगतच. 1938 च्या सुमारास तळोद्याकडे गुला महाराजांच्या मागे हजारो आदिवासी ‘आप की जय’ म्हणू लागले, त्यांनीही आधी दारूच सोडली. आणि 1972 नंतर शहाद्याच्या श्रमिक संघटनेतल्या बायका तर गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या. परमिट रूमच्या टेबलावर यातलं काहीच कुणी काढत नसे, हे ओघानं आलंच.

होळीच्या तोंडावर अण्णा परतला. पहिल्याच संध्याकाळी हॉल भरला. कुणी त्याला हार घातला. त्या गर्दीत एक बाई दारात येऊन उभी राहिली. ‘पथारी धाकटा’ची बायको. स्वतः पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जायची. बोटांची कातडी सोलवटलेली, म्हणून हात पदरात गुंडाळलेले. ती आत आली नाही. अण्णाला म्हणाली, “अण्णा, त्याच माणूसले ठेवा ना.” त्या हंगामात नवऱ्याची हमाली पहिल्यांदा घरी पोचली होती. अण्णाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, मान हलवली. ती गेली आणि त्याने खणातून लाल वही काढली.

पुढे 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महामार्गालगतच्या बारवर गदा आली, काही बंद झाले, काही पुन्हा उघडले. 2025 मध्ये उत्पादन शुल्क वाढलं, तसं बरेच जण बाटली घेऊन शेताच्या बांधावर बसतात. आता प्रत्येक बारमध्ये मेजर आहे, छापील बिल आहे, कॅमेरा आहे, म्हणजे बदलीने जे जे केलं ते सगळं; आणि त्यावर कुणी ब्रही काढत नाही. उधारी गेली म्हणावं तर तीही फोनमध्ये शिरलीय. अ‍ॅपवर मिनिटात कर्ज मिळतं आणि फळ्यावर नाव लागत नाही.

जुनी मंडळी भेटली की अजून अण्णाच्या रश्श्याची, त्याच्या ओतण्याची आठवण निघते. सगळे पुरुषच असतात. बदलीचा विषय निघाला की अजून हसतात. त्याचं नाव काय होतं, हे एकालाही सांगता येत नाही. तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.