महाबळेश्वरचा भाजीमळा आणि हिमाची तारीख

महाबळेश्वरास जाणारा प्रवासी बहुधा एप्रिल-मे महिन्यांत जातो, कडे पाहतो, थंड वाऱ्याची स्तुति करितो आणि परततो. आम्हीं मात्र पेन्शन घेतल्यापासून मार्गशीर्ष-पौषांत तेथें जाण्याचा परिपाठ ठेविला आहे. आणि त्या दिवसांत पाहण्याजोगें जें आहे तें कड्यांवर नसून वेण्णा तळ्याच्या आसपासच्या भाजीमळ्यांत आहे, असें आमचें मत झालें आहे.

हें स्थळ समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० फूट उंच आहे. एकोणिसाव्या शतकांत सरकार येथें चिनी कैदी ठेवीत असे. बटाट्याची व इतर भाज्यांची लागवड त्यांच्या हातून येथें वाढली. आज गाजर, मुळा, घेवडा, वाटाणा यांच्या जोडीला स्ट्रॉबेरी मुख्य पीक होऊन बसली असून, २०१० सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु या साऱ्या पिकांस मिळणारा काळ मोठा आंखूड. एका बाजूस वर्षाकाठीं सरासरी २०० इंचांहून अधिक पाऊस, तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारा. दुसऱ्या बाजूस डिसेंबर-जानेवारींतील हिम. या दोहोंच्या मध्यें मळेकऱ्यानें आपला संसार बसवावयाचा.

येथें एक चमत्कार नेहमी दिसतो. वेधशाळेचा पारा सात-आठ अंशांवर असतां तळ्याकांठच्या गवतावर, होड्यांच्या धक्क्यावर व मोटारींच्या टपांवर पांढरें हिम पसरलेलें असतें. यंत्र खोटें नसतें. तें सुमारें चार फूट उंचीवर, पेटींत ठेविलेलें असतें. जमीन मात्र निरभ्र व निवांत रात्रीं आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकून हवेहून कितीतरी गार होते. शिवाय गार हवा जड, म्हणून ती चढावरून ओघळून वेण्णेच्या खोऱ्यांत सांचते. गांवांत नुसतें दहिवर पडावें आणि अर्ध्या कोसावर खालीं तेंच गोठावें, याचें कारण हें.

शास्त्राची ही गोष्ट एका वृद्ध मळेकऱ्यानें आम्हांस एका वाक्यांत सांगितली : “गुरुजी, गारठा पाण्यावानी उताराला लागतो, वाट अडवली की तिथंच तुंबतो.” त्यानें खालच्या अंगाचें कुंपण मुद्दाम विरळ ठेविलें होतें. वरच्या ताटींत घेवडा व टोमॅटो, खालच्या सखल वाफ्यांत गाजर, कोबी, कांदा, अशी त्याची मांडणी होती. घेवडा, टोमॅटो, वांगें, मिरची व वेलभाज्या एका रात्रीच्या हिमानें काळ्या पडतात. कोबी, गाजर, पालक, लसूण तें सोसतात. वाटाण्याचा पाला टिकतो, पण फूल व कोंवळी शेंग जाते.

स्ट्रॉबेरीचें दुखणें निराळें. तिचीं रोपें सप्टेंबर-ऑक्टोबरांत लागतात, त्यामुळें फुलांस हिमाचे दिवस चुकवितां येत नाहींत. उमललेलें फूल शून्याच्या किंचित खालीं गेलें कीं मधोमध काळें होतें, आणि महिन्याभरानें येणारें फळ त्या रात्रींच संपतें. रोप हिरवें राहतें, रोपांसाठीं काढलेलें कर्जही राहतें. म्हणून निरभ्र संध्याकाळीं मळेकरी वारंवार आकाशाकडे पाहतो, जमीन भिजवितो व वाफ्यांवर आच्छादन ओढतो. ओली जमीन दिवसाची ऊब अधिक सांठविते, हें त्यास अनुभवानें ठाऊक आहे.

भाजीचा हिशेब मात्र आधींच करतां येतो. तो उलटा करावयाचा असतो. समजा, आपल्या वाफ्यांत पहिलें हिम २० डिसेंबरच्या सुमारास पडतें. घेवड्यास पेरणीपासून तोडणीपर्यंत साठ दिवस, थंडीनें वाढ मंदावते म्हणून आणखी दहा, आणि तोडणी चालावयास वीस : एकूण नव्वद. म्हणजे पेरणी २१ सप्टेंबरास, उत्तरा नक्षत्रांत. तेव्हां पाऊस पुरता हटलेला नसतो. यास्तव वाफे उंच व निचऱ्याचे हवेत. शिवाय २० डिसेंबर ही सरासरी. सुमारें निम्म्या वर्षीं हिम त्यापूर्वींच येणार. पंधरा दिवसांची सवड धरावी, तर पेरणी भर पावसांत जाते. तात्पर्य, सखल वाफ्यांत घेवडा नकोच. तेथें मुळा, गाजर लावावें.

हा हिशेब तिथीनें ठेवूं नये. अधिक मासामुळें पौषाची तीच तिथि सौर वर्षांत दोन-तीन आठवडे मागें-पुढें सरते. सूर्यनक्षत्र किंवा इंग्रजी तारीख धरावी.

आमचे कित्येक आप्त आतां अमेरिकेंत स्थायिक आहेत. तिकडे वसंतांतील शेवटच्या व शरदांतील पहिल्या हिमाच्या सरासरी तारखा छापील मिळतात. त्या उपयुक्त खऱ्या, पण त्या वेधशाळेच्या जागेच्या असतात, आपल्या परसाच्या नव्हेत. ज्यांचें परसूं थंड मुलुखांत आहे, त्यांनीं घरांतील एखाद्या मुलाकडे एक वही द्यावी. थंडीच्या निरभ्र रात्रीं सखल जागीं गवतावर उष्णतामापक ठेवावा, पहांटे आंकडा टिपावा, आणि कोणत्या वाफ्यांतलें कोणतें पान करपलें तेंही लिहावें. दहा हिवाळ्यांची अशी वही झाली, म्हणजे पुढल्या पेरणीच्या वेळीं घरांतील वडील मंडळींनाही ती त्या मुलाकडे मागावी लागेल.